टेकडीवरच्या घराची तिसरी काच

खळ्ळ!

टेकडीच्या पायऱ्या चढणारी तिघं जागच्या जागी थबकली.

“काच फुटली!” गडगड ओरडली.

“कशावरून? एखादं तबक पडलं असेल,” शंकासुर म्हणाला.

“तबक पडलं की ठणठणत राहतं. ही खिडकीची काच आहे. पातळ आणि जुनी!” टिकली म्हणाली. “पळा!”

सुट्टी लागल्यापासून टिकलीनं आत्याच्या काचेच्या दुकानात मुक्काम ठोकला होता. बारा दिवसांत तिचे कान चांगलेच तयार झाले होते. वयाच्या मानानं ती एवढीशी, म्हणून टिकली. गडगड म्हणजे आत्याची मुलगी. तिनं कानात सांगितलेलं गुपितसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं! आणि शेजारच्या कुलूपवाल्याचा मुलगा झोपेतून उठल्या उठल्या पहिली शंका काढायचा, म्हणून तो शंकासुर.

टेकडीवरचं घर दीडशे वर्षांपूर्वीचं, परक्या साहेबांचं राज्य होतं त्या काळातलं. उंच छत, रुंद व्हरांडा आणि जिकडे बघावं तिकडे खिडक्या. वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेलं ते घर रंगवून, सजवून उद्या सकाळी दहा वाजता लोकांसाठी खुलं होणार होतं. दाराशी संगमरवरी शिळाही येऊन टेकली होती. तिच्यावर झोकदार अक्षरांत कोरलं होतं : ‘हे घर कप्तानसाहेबांनी बांधले.’

ती शिळा बघितली की आत्याच्या कपाळाची शीर उडायची.

“कप्तानानं बांधलं म्हणे! अगं, या खिडक्यांच्या चौकटींत मला एक खिळा दाखव. एक! सगळ्या लाकडी खुंट्या. जहाजाची दारं करणाऱ्या हाताचं काम आहे हे. माझे आजोबा सांगायचे, हे घर दाईबाईंचं. गावातल्या बायकांची बाळंतपणं करायच्या त्या. त्यांचा नवरा जहाजावरचा सुतार. दोघांनी मिळून बांधलंय.”

आत्यानं घराच्या समितीला तशी तीन पत्रं लिहिली होती. तिसऱ्या पत्रानंतर अध्यक्ष सगळ्यांसमोर हसत म्हणाले होते, “बाई, तुम्ही काचा बघा. इतिहास आम्ही बघतो.”

टिकली तेव्हा मापाची पट्टी धरून शेजारीच उभी होती. आत्या पट्टी घेऊन कामाला लागली. पण त्यानंतर तिनं एकच खिडकी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा चुकली. काच कापताना केसभरही न चुकणारी आत्या! त्या दिवसापासून टिकलीच्या मनात काहीतरी खुपत होतं.

धापा टाकत तिघं वरच्या मजल्यावर पोचली. लांबच लांब दालन. दोन्ही बाजूंना एकेक रुंद खिडकी, प्रत्येक खिडकीत बारा काचा. डावीकडच्या खिडकीसमोर एक गवंडीदादा हातोडा घेऊन उभे होते. खिडकीतली तिसरी काच जागेवर नव्हती. ती जमिनीवर होती, तुकड्यातुकड्यांत.

कंत्राटदार फोनवर होते. ते फोनवर नाहीत असं कोणी कधी पाहिलंच नव्हतं. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं हॅलोकाका.

“काका, आत्याची चिठ्ठी वाचलीत ना?” टिकलीनं विचारलं. “सकाळी दिली होती मी. ती नव्या काचा आणायला गेलीय. चार वाजेपर्यंत येईल. ती स्वतः सुरीनं कडेचा जुना लेप सोडवणार आणि जुन्या काचा अख्ख्या काढणार. तोपर्यंत हात लावू नका म्हणून...”

“कसली चिठ्ठी? कुठली चिठ्ठी? हॅलो! हां, बोला!”

चिठ्ठी त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती. घडीसुद्धा मोडली नव्हती!

“एक एक काच काढत बसायला वेळ कोणाला आहे?” फोनवर तळहात ठेवून ते म्हणाले. “आणि ठेवायचंय काय त्यात? वेडीवाकडी काच! बाहेर बघितलं तर झाडं डुलल्यासारखी दिसतात. दादा, आता जेवून घ्या. दोनला सुरू करा, तीनपर्यंत सगळा भुगा झाला पाहिजे. आणि काय रे पोरांनो, काचा बघायच्या असतील तर चष्म्याच्या दुकानात जा! हॅलो?”

हॅलोकाका जिना उतरले. हातोडा भिंतीशी ठेवून गवंडीदादाही त्यांच्या मागोमाग डबा खायला गेले.

“झाडं डुलतात म्हणे,” गडगड कुरकुरली. “तेच तर छान आहे!”

टिकलीनं आत्याचे कातडी हातमोजे घातले. ते तिला कोपरापर्यंत येत होते. आत्याचा नियमच होता, फुटलेली काच दिसली की आधी मोजे घालायचे आणि मग बोलायचं. एक एक तुकडा उचलून ती कागदावर ठेवायला लागली. तुकड्यांच्या कडेला जुनी लांबी चिकटली होती. काच चौकटीत घट्ट बसवायला कणकेसारखा लेप भरतात ना, तीच लांबी. दीडशे वर्षांत ती दगडासारखी झाली होती. एका तुकड्यावरून तिचा मोठा खपला निघाला आणि टिकलीचा हात थांबला.

काचेच्या अगदी कडेला बारीक बारीक ओरखडे होते.

“चरा गेलाय,” शंकासुर म्हणाला.

“चऱ्याला वेलांटी असते का रे?”

आत्याच्या दुकानात लांबी मळायला खडूची भुकटी लागते. टिकलीच्या खिशात ती कायम सापडायची. तिनं चिमूटभर भुकटी घेतली, ओरखड्यांवर हळूच चोळली आणि फुंकर मारली. भुकटी उडून गेली, पण ओरखड्यांत अडकून राहिली. पांढरीशुभ्र अक्षरं उमटली!

“बाईं... चं... घ...” गडगड वाचायला लागली.

“थांब, पुढचा तुकडा!”

तिघांनी जमिनीवर मांडी ठोकली. हा इथे बसत नाही, तो तिथे बसतो, अगं उलटा धरलायस! शेवटी काचेची खालची कड जुळली. टिकलीनं श्वास रोखून वाचलं :

‘दाईबाईंचं घर. बाळंतिणींची खोली. डावी खिडकी, तिसरी.’

आणि त्यापुढे साल.

“दाईबाई!” गडगड चक्क कुजबुजली. म्हणजे बघा!

“नंतर कोणी तरी कोरलं असेल,” शंकासुर म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

“नंतर कसं कोरणार? ही कड लांबीखाली होती. काच बसल्यावर तिथे कोणाचं बोट पोचणार?” टिकलीचे डोळे चमकले. “आज सकाळी टेम्पोत काय वाचत होते मी? ‘दवाखाना, खालची, उजवी, दुसरी.’ ‘शाळा, वरची, डावी, पहिली.’ आत्या मेणाच्या पेन्सिलीनं प्रत्येक काचेच्या कडेला लिहिते. काचांची अदलाबदल होऊ नये म्हणून. तेव्हाचा काचवाला हेच करत होता! फक्त त्यानं काच कापायच्या हिऱ्यानं कोरून ठेवलंय.”

शंकासुरानं समितीची पुस्तिका काढली. बोट ठेवून, ओठ हलवून त्यानं तीनदा वजाबाकी केली. “कप्तानसाहेब या गावात आले त्याच्या अकरा वर्षं आधीची काच आहे ही. यांच्याच पुस्तिकेत लिहिलंय!” त्यानं पुस्तिका मिटली. “माझी शंका संपली.”

“काय? तारीख लिहून ठेवा कोणीतरी!” गडगड म्हणाली. मग पुस्तिका हिसकावून तिनं वाचलं, “‘वरचे दालन : कप्तानसाहेबांचे नृत्यदालन.’ नृत्य? इथे कोणी नाचत नव्हतं! इथे रडत होती! बाळं!”

तिघंही खदखदून हसली. पण भिंतीशी ठेवलेल्या हातोड्याकडे नजर गेली आणि टिकलीचं हसू मावळलं.

“हे तुकडे दाखवले तर अध्यक्ष म्हणतील, कुठून तरी उचलून आणलेत. उरलेल्या तेवीस काचा चौकटीत असायला हव्यात. त्यांच्यासमोर लांबी सोडवून दाखवायला हवी. आणि दोन वाजता...”

“भुगा,” शंकासुर म्हणाला.

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

आत्याचा फोन लागेना. तिघं अंगणात धावली. मांडवाखाली अध्यक्ष ध्वनिक्षेपक तपासत होते. “एक, दोन, तीन... आज या ऐतिहासिक वास्तूत... मुलांनो, वायरीवर पाय देऊ नका!”

“आजोबा, वरच्या काचेवर दाईबाईंचं नाव आहे! तुम्ही फक्त एकदा...”

“काचवाल्या बाईंनी पाठवलं वाटतं? चौथं पत्र घेऊन?” अध्यक्ष हसले. “उद्या या हं, उद्या सगळ्यांना खाऊ आहे. एक, दोन, तीन...”

“खाऊ!” गडगड परत येताना फणफणत होती. “बालवाडीत आहोत का आपण?”

टिकलीचं लक्ष नव्हतं. तिला कालचा दवाखाना आठवत होता. आत्यानं नवी काच बसवली आणि लगेच खडूची भुकटी पाण्यात कालवून काचेवर भली मोठी पांढरी फुली मारली. “स्वच्छ काच दिसत नाही गं. कोणी शिडी घेऊन आला तर सरळ घुसेल. फुली दिसली की कुठल्याही गवंड्याचा हात आपोआप थांबतो. बसवलेली काच आहे, हात लावायचा नाही!”

“फुल्या!” टिकली ओरडली. “तेवीस फुल्या मारायच्या!”

“पण हे खोटं नाही का?” शंकासुरानं विचारलं. शंका परत आली होती.

टिकली घुटमळली. ही शंका मात्र खरी होती. “फुली म्हणजे ‘हात लावू नका’. आपणही तेवढंच म्हणतोय. कोणी विचारलं, या काचा नव्या आहेत का, तर खरं सांगायचं. कबूल?”

“कबूल. पण कोणी विचारेल का?”

“हॅलोकाका? विचारतील?” गडगड म्हणाली. “ते फक्त हॅलो म्हणतात!”

मग जी धांदल उडाली! शंकासुरानं डब्यात भुकटी कालवली. गडगड जिन्यात पहाऱ्याला बसली, कोणी आलं की शिंकायचं ठरलं. टिकलीचा हात वरच्या काचांना पुरेना, तेव्हा शंकासुर घोडा झाला. “किती जड आहेस तू!” “बोलू नकोस, फुली वाकडी होते!” एक, दोन, सात, अकरा... टिकलीच्या नाकावर पांढरं, वेणीवर पांढरं. बावीस... तेवीस!

“आऽऽक्छी!”

गडगडची शिंक ती! खालच्या मजल्यावरची कबुतरं उडाली.

हॅलोकाका फोन कानाला लावूनच आले. दारातून त्यांनी दालनभर नजर फिरवली. सगळीकडे फुल्याच फुल्या!

“अरे वा! काचवाल्या बाई येऊनसुद्धा गेल्या? झालंच की काम! एक राहिलीय वाटतं. ती बसवतील.” मुलांकडे त्यांनी बघितलंही नाही. “हॅलो, नाही, तुम्हांला नाही. दादा, इथलं झालंय. हातोडा घ्या आणि खाली मांडवाचे खांब ठोका!” खिशातून कागद काढून त्यांनी भिंतीवर टेकवला, खरखर काहीतरी लिहिलं आणि झोकात सही ठोकून तो दाराच्या फटीत खोचला.

त्यांची पावलं दूर गेली. घोडा झालेला शंकासुर तसाच जमिनीवर आडवा झाला. “विचारलं नाही. खरंच विचारलं नाही!”

पावणेचारला टेम्पो वाजला. आत्या जिना चढून आली, दारात थांबली आणि तिचा चेहरा बदलला.

“या फुल्या कोणी मारल्या?”

टिकली पुढे झाली. “मी.”

“काच न बसवता फुली?” आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ते जास्त भीतीदायक होतं. “टिकले, फुली म्हणजे काचवाल्याचा शब्द असतो. मी बघितलंय, माझ्यावर सोडा, हात लावू नका. त्या शब्दावर माणसं शिड्या लावतात, मुलं खिडकीशी खेळतात. तो असा उधळायचा?”

 पण ती मागे हटली नाही. “मीही तेच म्हणत होते, आत्या. मी बघितलंय, हात लावू नका.” आणि तिनं कागदावर जुळवलेले तुकडे पुढे केले.

आत्या खाली वाकली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि बराच वेळ त्या अक्षरांवरून, अजिबात न टेकवता, नुसतं बोट फिरवत राहिली.

“आजोबा बरोबर होते,” ती एवढंच म्हणाली. मग पदराच्या टोकानं टिकलीच्या नाकावरचा खडू पुसला. “गडगड, अध्यक्षांना बोलाव. तुझ्या आवाजात.”

अध्यक्षच काय, अंगणातले सगळेच धावत आले! आग लागली असं वाटलं त्यांना.

“काय चाललंय? हॅलो, मग करतो!” हॅलोकाकांनी चक्क फोन ठेवला. “आणि टेम्पोत या एवढ्या काचा कशाला? काम तर झालंय. मी सही केलीय!”

शंकासुरानं दाराच्या फटीतला कागद काढून अदबीनं वाचला : “‘वरच्या दालनात तेवीस नव्या काचा बसल्या. मी स्वतः पाहिल्या.’”

“या नव्या?” अध्यक्षांनी फुलीमागची पिवळसर, लाटालाटांची काच बघितली. “स्वतः पाहिल्यात? कुठल्या डोळ्यांनी हो?”

हॅलोकाकांनी घाम पुसायला खिशात हात घातला आणि हातात आली आत्याची चिठ्ठी. न उघडलेली. गवंडीदादांना हसू आवरेना.

आत्यानं मात्र कोणाकडे पाहिलं नाही. तिनं सुरी काढली. उजवीकडची खिडकी निवडली, चौथी काच. तेल लावून, थांबून, खरवडून, पुन्हा थांबून तिनं दगडासारखी लांबी चारही कडांनी सोडवली.  शेवटी काच अख्खीच्या अख्खी तिच्या तळहातांवर उतरली.

“टिकली, भुकटी.”

टिकलीनं चोळलं, फुंकर मारली. अध्यक्षांनी चष्मा सावरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सवयच होती त्यांना.

“‘दाईबाईंचं घर. बाळंतिणींची खोली. उजवी खिडकी, चौथी.’” सालाशी येऊन ते अडखळले. शंकासुरानं पुस्तिका उघडून समोर धरली. अध्यक्षांनी ती लिहिली होती, त्यांना वजाबाकी सांगायची गरज पडली नाही.

“माझी पणजी म्हणायची,” ते हळूहळू बोलायला लागले, “‘मी टेकडीवर जन्मले.’ आम्ही पोरं हसायचो. टेकडीवर काय बकरी जन्मते? तिला चिडवायचो...” त्यांनी त्या लांब दालनाकडे नव्यानं पाहिलं. “ती इथे जन्मली. या खोलीत.”

“आमच्याकडेपण म्हणतात, साहेब,” गवंडीदादा मागून म्हणाले. “आमच्या आईची आजी, टेकडीच्या बाईंच्या हातची. दुपारी मी हातोडा घेऊन इथेच...” त्यांनी रिकाम्या चौकटीवरून हात फिरवला.

मग एकेकाला आठवायला लागलं. कोणाची आजेसासू, कोणाचे पणजोबा. त्या खोलीत उभं असलेलं निम्मं गाव त्याच खोलीतून जगात आलं होतं, आणि इतकी वर्षं कोणालाच पत्ता नव्हता!

अध्यक्ष आत्यासमोर उभे राहिले. “बाई, तुमची तीन पत्रं माझ्या खणात आहेत. आज घरी जाऊन नीट वाचतो. आणि उद्या इतिहास तुम्ही सांगायचा.” ते जरा थांबले. “काचा मी बघतो.”

आत्या हसली. कितीतरी दिवसांनी अशी मोकळी हसली!

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला पडदा बाजूला झाला. पाथरवटानं पहाटेच येऊन शिळा उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर कोरलं होतं : ‘हे घर दाईबाई आणि त्यांचे पती, जहाजावरचे सुतार, यांनी बांधले. या गावातली असंख्य माणसं इथे जन्मली.’

“आणि कप्तानाचं काय?” शंकासुरानं विचारलं.

“नंतर राहिला असेल की! त्यालाही जागा देऊ पुस्तिकेत,” आत्या म्हणाली. “शेवटच्या पानावर.”

आत्या बोलायला उभी राहिली. बोलण्याची सवय नव्हती, म्हणून ती काच कापते तशी बोलली. मोजून, सरळ, एकही शब्द वाया न घालवता. चौकटीतल्या खुंट्यांबद्दल बोलली, आजोबांबद्दल बोलली. शेवटी म्हणाली, “हे सगळं माझ्या भाचीला दिसलं. कारण ती तुकडेसुद्धा वाचून मग टाकते.” अध्यक्षांनी तिघांना मंचावर बोलावलं. टाळ्या थांबेचनात. हॅलोकाकाही टाळ्या वाजवत होते, दोन्ही हातांनी! फोन कुठेच दिसत नव्हता.

लोक पांगल्यावर आत्या तिघांना घेऊन वर गेली. डावी खिडकी, तिसरी चौकट अजून रिकामी होती. आत्यानं त्या मापाची नवी काच टेबलावर ठेवली आणि कमरेच्या पिशवीतून काच कापायचा हिरा काढला. या हिऱ्याला टिकलीनं बारा दिवसांत बोटसुद्धा लावलं नव्हतं. लावूच दिलं नव्हतं!

आत्यानं तो तिच्या हातात ठेवला.

“कडेला हं. दाबायचं नाही. आणि श्वास सोड आधी.”

करकर आवाज करत, जीभ बाहेर काढून, टिकलीनं कोरलं : ‘दाईबाईंचं घर. बाळंतिणींची खोली. डावी खिडकी, तिसरी.’ खाली आजचं साल. त्याखाली तीन बारीक नावं.

आत्यानं काच चौकटीत बसवली आणि अंगठ्यानं कडेकडेनं मऊ लांबी दाबत नेली. आधी गडगड झाकली गेली, मग शंकासुर, मग टिकली.

“आई! आता कोणाला दिसणारच नाही!” गडगड कळवळली.

“दिसेल की. दीडशे वर्षांनी.” आत्यानं पांढऱ्या खडूत बोट बुडवलं, मग थांबली आणि डबा टिकलीपुढे धरला.

टिकलीनं काच वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. कडा दाबून पाहिल्या. मग चवड्यांवर उभी राहून तिनं भली मोठी, सरळ, खरीखुरी फुली मारली.